सोंग, चाल आणि पुनर्गायन : आशा भोसले यांच्या नाट्यपदांविषयी

इंग्रजी जनसंगीताच्या चर्चेत 'कव्हर' हा शब्द सर्रास वापरला जातो. एका गायकाने गाजवलेले गाणे दुसऱ्या गायकाने पुन्हा ध्वनिमुद्रित केले की ते 'कव्हर' ठरते. मराठीत या व्यवहाराला रुळलेले नाव नाही. 'नक्कल' म्हटले तर गाणाऱ्याचा अवमान होतो, 'पुनर्गायन' म्हटले तर शब्द कोशातून उचलून आणल्यासारखा वाटतो, आणि 'गादी चालवणे' म्हटले तर गाण्यापेक्षा घराण्याकडेच अधिक लक्ष जाते. नाव नाही याचा अर्थ व्यवहार नाही असा मात्र नव्हे. तो आपल्याकडे इतका जुना आणि इतका सार्वत्रिक आहे की त्याला वेगळे नाव देण्याची निकड कोणाला भासली नसावी. पण नाव नसल्यामुळे त्याची चिकित्साही झाली नाही. जुने गाणे नव्या कंठातून आले की आपण एकतर कृतकृत्य होतो किंवा 'मूळची सर नाही' असे म्हणून मोकळे होतो. या दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे 'मूळ' नावाची एक निश्चित वस्तू कोठेतरी आहे. प्रस्तुत लेखात हे गृहीतक एका ठळक उदाहरणाच्या आधारे तपासून पाहायचे आहे. उदाहरण आहे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी गाजवलेल्या आणि पुढे आशा भोसले यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या नाट्यपदांचे.

'मानापमान'मधील 'शूरा मी वंदिले', 'युवतिमना दारुण रण' आणि 'चंद्रिका ही जणू', 'रणदुंदुभी'तील 'परवशता पाश दैवे' आणि 'वितरी प्रखर तेजोबल', 'पुण्यप्रभाव'मधील 'कठीण कठीण कठीण किती' ही पदे आज मराठी श्रोत्याच्या कानात ज्या स्वरूपात वस्तीला आहेत ते स्वरूप बहुतांशी आशा भोसले यांच्या ध्वनिमुद्रिकांचे आहे. ज्यांनी बलवंत संगीत मंडळीची नाटके पाहिली ती पिढी आता उरलेली नाही. दीनानाथांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या हा संग्राहकांचा विषय झाला होता. अलीकडे त्या पुन्हा सुलभ झाल्या असल्या तरी त्यांच्याकडे जाणारा श्रोता आशाबाईंच्या वाटेनेच जातो.

याचा एक अनुभव नोंदवतो. जव्हारला पदवीच्या वर्गाला संगीत नाटक शिकवताना मी एकदा आधी आशा भोसले यांचे 'शूरा मी वंदिले' ऐकवले आणि मग दीनानाथांची तबकडी. वर्गातल्या बहुसंख्य मुलामुलींनी 'मानापमान' वाचलेले नव्हते, पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण पहिले गाणे काहींनी गणपतीत, लग्नाच्या मांडवात, रेडिओवर ऐकलेले होते. दुसरे संपल्यावर मागच्या बाकावरून शेरा आला, "सर, हे तर आशाताईंसारखंच गातायत." वर्ग हसला. मीही हसलो, पण नंतर हा शेरा मला सोडीना. कालक्रमाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. श्रवणाच्या दृष्टीने मात्र तो अचूक आहे. त्या मुलाच्या अनुभवात आशाबाई मूळ आहेत आणि दीनानाथ त्यांचे पुनर्गायन. एखाद्या ध्वनिमुद्रिकेने आपल्या पूर्वजालाच आपला अनुयायी करून ठेवावे, ही घटना समीक्षेने हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

प्रथम 'मूळ' या कल्पनेकडे वळू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आणले. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि नानासाहेब जोगळेकर धैर्यधर. म्हणजे धैर्यधराच्या पदांचे 'मूळ' गायक जोगळेकर. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत जो संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग झाला त्यात बालगंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले ते केशवराव भोसले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बलवंत संगीत मंडळीत दीनानाथांनी धैर्यधर केला तो या परंपरेत, आणि केला तो या परंपरेला धक्का देत. टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा आधार घेऊन बांधलेल्या काही चाली त्यांनी सरळ बदलल्या आणि पंजाबी ढंगाच्या, चढ्या सुरांत झेपावणाऱ्या आपल्या गळ्याला मानवेल अशी पदांची नवी रूपे उभी केली. ज्याला आपण आज 'दीनानाथांचे मूळ' म्हणतो ते स्वतःच एक पुनर्गायन आहे. इतकेच नव्हे तर बंडखोर पुनर्गायन आहे.

बरे, टेंबे यांच्या चालीला तरी मूळ म्हणावे काय? त्याही आधीच्या चीजांवर उभ्या आहेत. मराठी नाट्यपदाचा जन्मच मुळी 'चालीवर' झाला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले तेव्हापासून नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर कंसात चाल दिलेली असते : अमुक पदाची, तमुक चीजेची, साकी, दिंडी. देवलांच्या 'शारदे'त हेच. कवी शब्द लिहीत असे तो आधी अस्तित्वात असलेल्या गाण्याच्या मापाने, आणि वाचकालाही हे लपवून सांगितले जात नसे. ते पान उघडे ठेवून चाल कोठून आली ते सांगत असे. आजच्या स्वामित्वहक्काच्या भाषेत हा मोठाच गुन्हा ठरेल. त्या काळच्या रसिकाला त्यात आनंद होता, कारण ओळखीच्या चालीत अनोळखी शब्द ऐकण्याचा एक स्वतंत्र आस्वाद असतो. मराठीत 'चाल' हा शब्द चालण्याच्या ढबीला, रूढीला आणि स्वररचनेला एकच आहे. पदाची चाल ही पदाची मालमत्ता नव्हती. ती त्याची चालण्याची रीत होती, आणि रीत कोणालाही उचलता येते.

तेव्हा आशा भोसले यांच्या ध्वनिमुद्रिकांपुरते 'मूळ आणि प्रत' हे द्वंद्व निकामी आहे. मात्र एवढ्यावर थांबून 'सगळ्याच प्रती, मूळ कोठेच नाही' असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. समीक्षेत काही काळ हा निष्कर्ष फार स्वस्त झाला होता. सगळ्या प्रती असल्या तरी त्या सारख्या प्रती नसतात. प्रश्न असा की जोगळेकर ते केशवराव, केशवराव ते दीनानाथ या संक्रमणात आणि दीनानाथ ते आशा भोसले या संक्रमणात जातीचा फरक आहे की केवळ अंशाचा?

माझ्या मते फरक जातीचा आहे, आणि तो मला नाट्यशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा आमच्याकडच्या बोहाड्याने अधिक स्पष्ट करून दिला. जव्हार-मोखाडा भागात होळीच्या पुढेमागे गावोगाव बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात देवदानवांची सोंगे निघतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, आणि अखेरीस जगदंबा. संबळ आणि पिपाणी वाजत असतात आणि सोंग बदलले की नाचणाऱ्याची ढब आणि वाद्यांचा ठेकाही बदलतो. मुखवटे ठरलेल्या घरांकडे असतात. वर्गात मी विचारले होते, "अमक्या गावचं नरसिंहाचं सोंग कोणाचं?" उत्तर आले ते घराचे, माणसाचे नाव कोणी घेतले नाही. कोणी नाचवले असे विचारल्यावर माणसाचे नाव आले. बाप थकला की मुलगा मुखवटा बांधतो. मुलगा बापासारखा नाचला की नाही याची चर्चा होते, नाही असे नाही. परंतु समोर जो उभा असतो तो नरसिंह असतो. बापाची आठवण मुखवट्याच्या मागे राहते.

संगीत नाटकातील भूमिकेचे संक्रमण याच जातीचे होते. धैर्यधर हे सोंग. ते जोगळेकरांनी नाचवले, केशवरावांनी नाचवले, दीनानाथांनी नाचवले. प्रत्येकाने चाल बदलली, लय बदलली, प्रेक्षकांनी तुलना केल्या, भांडणेही केली. पण पद कोणीही गायले तरी ते धैर्यधराचे राहिले. त्याला मागे एक अपमान होता, पुढे एक प्रतिज्ञा होती, समोर भामिनी होती. चिंतामणराव कोल्हटकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'बहुरूपी' हे नाव दिले ते याच अर्थाने सार्थ आहे. बलवंत मंडळीचा तो संस्थापक-नट स्वतःला अनेक रूपांचा वाहक समजत होता.

आशा भोसले नाट्यपद गातात तेव्हा हे सोंग उरलेले नसते. तेथे भामिनी नाही, धैर्यधर नाही, तेजस्विनी नाही. रंगमंच नाही, मागचा संवाद नाही, पुढचा प्रवेश नाही. मग या गाण्यात काहीच पात्र नाही काय? आहे. काळजीपूर्वक ऐकणाऱ्याला ते लगेच सापडते. येथे नाचवले जाणारे सोंग दीनानाथांचे आहे. पूर्वी जो मुखवट्याच्या मागे होता तोच आता मुखवटा झाला आहे. तान जेथे अचानक वर फेकली जाते, शब्दाच्या शेवटच्या अक्षराला जेथे झटका देऊन सोडले जाते, तेथे आपण 'धैर्यधर रागावला' असे म्हणत नाही. 'दीनानाथ आले' असे म्हणतो. पदाचा नाट्यगत अर्थ पुसला गेला आहे आणि त्या जागी वंशाचा अर्थ आला आहे. मला जे म्हणायचे आहे ते मुख्यतः एवढेच, आणि पुढचे विवेचन त्याच्या परिणामांचे आहे.

आशाबाईंचा जन्म १९३३ चा. १९३४ मध्ये बलवंत मंडळीच्या लोकांनी 'कृष्णार्जुनयुद्ध' हा चित्रपट काढला आणि बोलपटाच्या त्या लाटेत नाटक मंडळीचे वैभव ओसरले. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले तेव्हा आशाबाई जेमतेम आठ वर्षांच्या होत्या. म्हणजे भर ऐश्वर्यातला रंगमंचावरचा दीनानाथ त्यांनी जाणत्या वयात पाहिलेला असणे शक्य नव्हते. त्यांच्यापाशी होती ती घरातल्या रियाझाची कानावर पडलेली आठवण, थोरल्यांकडून आलेली स्मृती, आणि तबकडी. यातली तबकडी महत्त्वाची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मिळत. रंगभूमीवर वन्समोर घेत घेत जे पद कितीतरी पसरत असे त्याचे तीन मिनिटांतले टिपण म्हणजे ही तबकडी. गायक रंगमंचावर पद प्रत्येक रात्री वेगळे गातो. तबकडी त्यातल्या एका वेळेला कायम करते. वन्समोर म्हणजे पुन्हा, पण निराळे. तबकडीवर सुई पुन्हा ठेवली की पुन्हा तेच. दीनानाथांनी ज्या जागा त्या दिवशी, त्या श्वासात घेतल्या असतील त्या पुढच्या पिढीसाठी पदाच्या रचनेचा भाग बनल्या. उत्स्फूर्तता संहितेत जमा झाली.

आशा भोसले ती संहिता गातात. त्यांच्या गायनाची शक्ती आणि मर्यादा या दोन्हींचे मूळ येथे आहे. दीनानाथांच्या तबकडीत तान फेकली जाते तेव्हा ती पडेल कोठे याची क्षणभर धास्ती वाटते. ती धास्ती त्या गायकीचा गाभा आहे. आशाबाईंची तान कोठे पडणार हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि ती तेथेच, केसाचाही फरक न करता पडते. धास्तीच्या जागी नेमकेपणा आला. या नेमकेपणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यामुळेच या पदांतले जोडाक्षरांनी लादलेले संस्कृतप्रचुर शब्द प्रथमच सर्वसामान्य श्रोत्याला सुटे सुटे ऐकू आले. खाडिलकरांची पदरचना क्लिष्ट आहे हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. ती आज लोकांच्या तोंडी जी काही आहे ती बहुतांशी आशाबाईंच्या उच्चारामुळे.

या उच्चारामागे सूक्ष्मध्वनिग्राहक, आपला रोजच्या बोलण्यातला 'माइक', आहे. दीनानाथांचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसापर्यंत विजेच्या मदतीवाचून पोचायचा होता. त्यांच्या गायकीतली चढाई ही काही अंशी वृत्ती होती आणि काही अंशी वास्तुशास्त्र. आशाबाईंना शेवटची रांग नव्हती. त्यांचा श्रोता ओठांपासून वीतभर अंतरावर होता आणि त्यांनी चित्रपटसृष्टीत त्या वीतभर अंतराचे जे शास्त्र विकसित केले त्याला हिंदी-मराठीत तोड नाही. परंतु चढाई ज्या अंतरासाठी जन्मली ते अंतरच नाहीसे झाल्यावर चढाईचे काय करायचे? आशाबाई ती राखतात. आकार राखतात, आवेग मात्र आवरतात. त्यामुळे या ध्वनिमुद्रिकांत एक विलक्षण ताण आहे. पोवाड्याच्या आवेशाची रचना भावगीताच्या जवळिकीने गायली जाते. हा ताण जेथे पदाच्या अर्थाशी जुळतो तेथे गाणे उंच जाते, जेथे जुळत नाही तेथे ते केवळ देखणे होते.

'चंद्रिका ही जणू' घ्या. धैर्यधराच्या तोंडचे हे शृंगाराचे पद. नाटकात पुरुष पात्र समोरच्या तरुणीला पाहून जे बोलते त्याला ऐकणारी व्यक्ती असते, आणि त्या ऐकण्यात विनोदही असतो, कारण भामिनी आपली ओळख लपवून वनमाला म्हणून वावरते आहे. ध्वनिमुद्रिकेत हा सगळा खेळ गळून पडतो. उरते ते एक वर्णन आणि अतिशय सुबक स्वरावली. सूर कोठेही ढळत नाही, तरीही मला हे गायन ऐकताना पाहुण्याने दिवाणखान्यात मांडून ठेवलेल्या ढाल-तलवारीकडे पाहावे तसे वाटते. पुरुषाचे पद स्त्रीने गायले म्हणून असे होते, हे कारण पुरेसे नाही. त्या रंगभूमीवर लिंगाची अदलाबदल हाच नियम होता. दीनानाथांनी स्वतः 'रणदुंदुभी'त तेजस्विनी केली. त्यांच्या स्त्रीभूमिकांची ख्याती पुरुषभूमिकांहून कमी नव्हती. पुरुष स्त्री होत होता तो सोंगाच्या बळावर. सोंगच नसेल तर स्त्रीने पुरुषाचे पद गाण्यात आव्हान उरत नाही आणि गंमतही उरत नाही. ते आपोआप बिनलिंगी होते. 'कठीण कठीण कठीण किती' या पदाचे मात्र उलट झाले आहे. पुरुषाच्या हृदयाविषयीची स्त्रीची ही तक्रार गडकऱ्यांनी लिहिली, स्त्रीवेषातल्या पुरुषाने गायली, आणि दोन पुरुषांच्या हातून फिरून ती अखेर एका स्त्रीच्या तोंडी आली. येथे आशाबाई दीनानाथांचा मुखवटा क्षणभर बाजूला करतात असा मला भास होतो. शब्दावर रेंगाळणे, मध्येच आवाज बारीक करून सोडून देणे या गोष्टी तबकडीतून आलेल्या नाहीत. त्या चित्रपटगीतांतून आल्या आहेत, आणि कडवे शास्त्रनिष्ठ रसिक येथे नाक मुरडतात. मला त्याच जागा या ध्वनिमुद्रिकांतल्या सर्वांत जिवंत वाटतात. येथे त्या जपणूक थांबवून गातात.

'परवशता पाश दैवे' हे पद या दृष्टीने सर्वांत अवघड. 'रणदुंदुभी' १९२७ चे. नाटककार वीर वामनराव जोशी स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगलेले, चाली वझेबुवांच्या. पारतंत्र्यातल्या प्रेक्षागृहात 'परवशता' हा शब्द गायला जात होता तेव्हा तो नुसता शब्द नव्हता. पौराणिक-काल्पनिक कथानकाच्या पडद्याआडून केलेले ते राजकीय विधान होते आणि प्रेक्षक ते तसेच घेत होते. सरकारी डोळा चुकवण्यासाठी घेतलेले सोंग, त्या सोंगात पुरुषाने घेतलेले स्त्रीचे सोंग, आणि या दुहेरी मुखवट्यातून बाहेर येणारा तो शब्द. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी आशा भोसले तेच पद गातात तेव्हा हे दोन्ही मुखवटे गळालेले असतात. शब्दातला धोका संपलेला असतो. तरीही हे गायन पोकळ वाटत नाही, आणि याचे कारण शोधताना मी पुन्हा त्याच विधानाशी येतो. येथे परवशता ज्याची आहे तो देश नाही, तेजस्विनीही नाही; तो एका कर्जबाजारी होऊन अकाली गेलेल्या कलावंताचा शेवट आहे, आणि गाणारी त्याची मुलगी आहे, हे श्रोत्याला ठाऊक असते. दैवाचा पाश असे म्हणताना श्रोत्याच्या मनात १९४२ उभे राहते, १९२७ नव्हे. राष्ट्राचे पद कुटुंबाचे झाले. हे उणे आहे की अधिक, यावर माझे मत अनेकदा बदलले आहे. वामनराव जोश्यांच्या दृष्टीने पाहिले तर हे अर्थाचे आकुंचन आहे, आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. गाणे म्हणून पाहिले तर दुसरा पर्याय कोणता होता? स्वतंत्र देशात गुलामीचा शोक गाणारी व्यक्ती तो कोणाच्या नावाने गाणार? तिने जवळचे नाव घेतले.

वंशाच्या या अर्थाने झाकले गेले ते इतर वारसदार. अमेरिकन जनसंगीतातील प्रसिद्ध उदाहरण येथे आठवते. 'हाउंड डॉग' हे गाणे बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णी गायिकेने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्ली यांनी ते गायले आणि जगाच्या लेखी ते त्यांचे झाले. तेथे पुनर्गायनाने आधीच्या गायिकेला झाकले. आपल्या उदाहरणात आधीचा गायक झाकला जात नाही, तो तर उजळला जातो. झाकले जातात ते शब्दकर्ते आणि चालकर्ते. 'बाबांचं गाणं' म्हटले की टेंबे, वझेबुवा, खाडिलकर, वामनराव यांची नावे मागच्या ओळीतही उरत नाहीत. दीनानाथांनी चाल बदलली तेव्हा ती कोणाची चाल बदलली हे त्यांच्या प्रेक्षकांना माहीत होते, त्यामुळे बदल हा बदल म्हणून ऐकला जात होता. आज बदल ऐकू येत नाही, कारण ज्याच्यापासून बदल झाला तो बिंदूच श्रोत्याच्या कानात नाही. जुन्या नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर कंसात चाल छापत असत, तो प्रामाणिकपणा ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाला कधीच परवडला नाही.

अशोक रानडे यांनी संगीताच्या ज्या कोटी मांडल्या, आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम, त्यांत या ध्वनिमुद्रिका कोठे बसवायच्या? सवयीने आपण नाट्यसंगीताला कलासंगीताच्या शेजारी बसवतो. आशा भोसले यांच्याबाबतीत तर ही सवय सोयीचीही होती. ज्यांना हिंदी चित्रपटांतल्या त्यांच्या नृत्यगीतांचे वावडे होते ते 'पण नाट्यगीतं ऐका' म्हणून त्यांना प्रतिष्ठितांच्या पंगतीला बसवीत. हा दाखला त्यांच्यासाठी अपमानास्पद आहे असे मला वाटते. एका गाण्याच्या जामिनावर दुसऱ्या गाण्याची सुटका करण्यासारखा. वस्तुतः या ध्वनिमुद्रिका निःसंशय जनसंगीत आहेत. त्यांचा प्रसार रेडिओ, तबकडी, ध्वनिफीत आणि गणेशोत्सवातले कर्णे यांतून झाला. १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती, आकाशवाणीच्या केंद्रांवरचे नाट्यसंगीताचे कार्यक्रम आणि पुढे ध्वनिफितींचे स्वस्त संच यांनी हे गाणे अशा गावांत नेले जेथे बलवंत मंडळीचा तंबू पोचण्याचा संभव नव्हता. डोंगरावरच्या आमच्या गावात संगीत नाटक आले ते नाटकाला मागे टाकून आले. जनसंगीताच्या निकषांवर या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर त्यांच्यावरचे अर्धे आक्षेप गळतात आणि उरलेले अर्धे अधिक धारदार होतात.

तुलनेसाठी वसंतराव देशपांडे घ्यावेत. दीनानाथांच्या गायकीचा गाढ संस्कार त्यांच्यावर होता. रक्ताचे नाते नव्हते. त्यांनी ही पदे मैफलीत गायली तेव्हा दीनानाथांच्या तबकडीतल्या जागा तशाच गाण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घातले नाही. त्यांनी उचलली ती धास्ती. तान कोठे पडेल हे त्यांनाही ठाऊक नसावे अशी मजा ते निर्माण करीत, आणि कधीकधी ती पडतही नसे. वसंतरावांनी दीनानाथांची रीत घेतली, आशाबाईंनी दीनानाथांचा मजकूर घेतला. तिसरी वाट जितेंद्र अभिषेकी यांची : 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांत त्यांनी जुने पद गाण्याऐवजी नवे पद उभे केले, आणि गंमत अशी की २०१५ च्या 'कट्यार'वरील चित्रपटानंतर आता अभिषेकींचीच पदे पुनर्गायनाच्या फेऱ्यात आली आहेत. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' हा चित्रपटही आला. भामिनी आणि धैर्यधर पुन्हा देहधारी झाले, म्हणजे सोंग परत आले. परंतु प्रेक्षक चित्रपटगृहात गेला तो कानात आशाबाईंच्या ध्वनिमुद्रिका घेऊन, आणि पडद्यावरचा गायक त्याला धैर्यधराशी नव्हे, त्यांच्याशीच ताडून पाहावा लागला.

राहता राहिले 'वितरी प्रखर तेजोबल'. या पदात तेज मागितले आहे, आणि मागणाऱ्याचा स्वर विनवणीचा नाही. दीनानाथांच्या गळ्यात ती मागणी जवळजवळ हिसकावून घेणारी होत असे, असे त्यांची तबकडी ऐकताना वाटते. आशाबाई तीच स्वरावली, त्याच जागा, त्याच वेगाने गातात. फक्त शेवटच्या आवर्तनात, समेच्या अलीकडे, त्या किंचित थांबतात असे मला प्रत्येक वेळी वाटत आले आहे. जुन्या तबकडीत तो थांबा मला ऐकू येत नाही. तेथे तीन मिनिटे संपत आलेली असतात आणि गायक घाईत असतो.